बक्षीससमारंभांतील टाळ्या

प्रतिवर्षीं बक्षीससमारंभ आटोपला म्हणजे मांडव उतरविला जातो, भाड्याच्या खुर्च्या मोजून परत पाठविल्या जातात, आणि पटांगणांत पताकांचे चार तुकडे तेवढे उरतात. अशाच एका संध्याकाळीं शाळेच्या फाटकापाशीं एक पालक माझी वाट पाहत उभे होते. अंबरनाथच्या एका कारखान्यांत ते पाळीवर काम करतात. त्या दिवशीं पाळी बदलून घेऊन ते समारंभास आले होते. त्यांनीं मोठ्या नम्रपणें विचारिलें, "सर, तीन तास बसलों. आमच्या पोराचं नांव कांहीं आलं नाहीं. मग एवढ्या टाळ्या आम्ही वाजवल्या, त्या कोणासाठीं?"

मला तेथल्या तेथें उत्तर सुचलें नाहीं. कांहींतरी गोड बोलून मीं वेळ मारून नेली, आणि घरीं गेल्यावर त्याचीच लाज वाटूं लागली. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नास दिलेलें उशिराचें उत्तर होय.

प्रश्न वाटतो तितका साधा नाहीं. चिखलोलीच्या या शाळेच्या पटावर आसपासच्या गांवांतील शेतकऱ्यांचीं मुलें आहेत, उल्हासनगरच्या सिंधी कुटुंबांचीं आहेत, आणि देशावरून व खानदेशांतून पोटापाण्यासाठीं येऊन अंबरनाथ-बदलापुरांत राहिलेल्या कामगारांचींही आहेत. पहिला क्रमांक मात्र प्रत्येक वर्गांत एकालाच मिळावयाचा. बक्षिसें जर तेवढ्या मूठभरांसाठींच असतील, तर बाकीचीं शेंकडों मुलें केवळ बघे ठरतात. म्हणून कांहीं सुज्ञ जन म्हणतात कीं, बक्षिसेंच बंद करावीं. मला तेंही पटत नाहीं. ज्या मुलीनें एका खोलीच्या घरांत, भावंडांच्या गलबल्यांत बसून गणितें सोडविलीं, तिच्या श्रमांची कोणींच नोंद घेतली नाहीं, तर श्रम आणि आळस यांचें मोल एकच, असा धडा ती घेईल. तेव्हां बक्षिसें द्यावयाचीं हें ठरलें. तीं कशाबद्दल द्यावयाचीं, आणि एकदां मिळाल्यावर तीं कोणाचीं, हें पाहिलें पाहिजे.

शुभवर्तमानांतील एक दाखला आपण प्रार्थनेच्या वेळीं अनेकदां ऐकला आहे. परदेशीं निघालेला धनी आपल्या तीन चाकरांस ज्याच्या त्याच्या योग्यतेप्रमाणें द्रव्य वांटून देतो. एकास पांच भाग, दुसऱ्यास दोन, तिसऱ्यास एक. पहिल्यानें पांचांचे दहा केले, दुसऱ्यानें दोहोंचे चार. धनी परत आल्यावर त्यानें या दोघांची जी प्रशंसा केली, ती एकाच शब्दांत केली आहे. दहा आणणाऱ्यास एक शब्द अधिक नाहीं, चार आणणाऱ्यास एक शब्द उणा नाहीं. ठपका आला तो, ज्यानें आपला भाग जमिनींत पुरून ठेविला त्याजवर. किती आणलें यापेक्षां, मिळालें होतें त्याचें काय केलें, हें त्या धन्यानें पाहिलें. शाळेच्या निकालपत्रकांत हा रकाना नसतो. परंतु शिक्षकाच्या मनांत तो असला पाहिजे.

आतां आपण सुमारें 170 वर्षें मागें पुण्यास जाऊं. जोतीराव फुले हे तेथील स्कॉटिश मिशनच्या शाळेचे विद्यार्थी. सावित्रीबाईंस अध्यापनाचें शिक्षण देण्यांत, त्या काळीं अहमदनगर म्हणविणाऱ्या गांवच्या अमेरिकन मिशनमधील मिस सिंथिया फॅरार यांचा वांटा होता. 1848 सालीं या दंपतीनें पुण्यांत भिडेवाड्यांत मुलींची शाळा उघडली, आणि पुढें अस्पृश्य मानिलेल्या समाजांच्या मुलामुलींसाठींही शाळा काढल्या. 16 नोव्हेंबर 1852 रोजीं विश्रामबागवाड्यांत मेजर कँडी यांचे हस्ते, सरकारतर्फे, जोतीरावांस शालजोडी अर्पण करण्यांत आली. तोही एक गुणगौरवाचा समारंभच होता. परंतु त्या शाळांना मिळालेलें सर्वांत मोठें बक्षीस याच्या पुढें, 1855 सालीं आलें; आणि तें आणलें एका विद्यार्थिनीनें.

तिचें नांव मुक्ता. ती मातंग समाजांत जन्मलेली. वय अवघें 14 वर्षांचें. शाळेंत येऊन जेमतेम तीन वर्षें झालेलीं. मांग व महार लोकांच्या दुःखाविषयीं तिनें लिहिलेला निबंध 'ज्ञानोदय' या अमेरिकन मराठी मिशनच्या नियतकालिकानें 15 फेब्रुवारी व 1 मार्च 1855 अशा दोन अंकांत छापला. अक्षरओळख होऊन ज्यास तीन वर्षें झालीं, त्यानें स्वतःच्या हुशारीचा थोडा तोरा मिरविला असता, तर कोणीं दोष दिला नसता. मुक्तेनें तसें केलें नाहीं. जे वाचूं शकत नव्हते, त्यांचें दुःख तिनें वाचतां येणाऱ्यांपुढें मांडलें. ज्यांना धर्मग्रंथ वाचण्याची मनाई, त्यांचा धर्म तो कोणता, असें तिनें विचारिलें. निवाऱ्यावांचून बाळंत होणाऱ्या आपल्या स्त्रियांचे हाल तिनें सांगितले. आणि शेवटीं आपल्याच लोकांस, ज्ञानरूपी औषध घ्या, असा उपदेश केला. शाळेनें तिच्या हातांत लेखणी दिली. ती लेखणी जे मागें राहिले होते त्यांच्याकरितां चालली. शाळेचें चैतन्य असें ज्यास म्हणतात, त्याचा याहून स्पष्ट दाखला मला ठाऊक नाहीं.

दुसरा दाखला खेळाच्या मैदानावरचा आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गांवीं 1926 सालीं जन्मलेले खाशाबा जाधव हे कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलचे व पुढें कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. 1948 सालीं लंडन येथील ऑलिंपिक सामन्यांत ते सहावे आले. 1952 सालीं हेलसिंकी येथें जावयाचें तर पैशांची वाण पडली. लोकांनीं वर्गणी केली. आणि त्यांच्या कॉलेजचे माजी प्राचार्य खर्डीकर यांनीं आपलें राहतें घर गहाण टाकून 7,000 रुपये उभे केले. खाशाबांनीं कुस्तींत कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारताच्या खेळाडूस वैयक्तिक स्पर्धेंत मिळालेलें तें पहिलें ऑलिंपिक पदक. तसें दुसरें पदक येण्यास 1996 साल उजाडावें लागलें. गांवकऱ्यांनीं शंभरांहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक काढून त्यांचें स्वागत केलें. परंतु मला मिरवणुकीपेक्षां तिच्यानंतरची गोष्ट मोठी वाटते. खाशाबांनीं कुस्त्यांचे फड भरविले, आणि त्यांच्या उत्पन्नांतून आपल्या गुरूचें घर सोडविलें. पदक गळ्यांत पडलें असतांही, आपल्यामागें एक घर गहाण आहे, याची त्यांना आठवण होती.

मुक्ता आणि खाशाबा यांच्यांत काळाचें, गांवाचें, विषयाचें किती अंतर! तरी दोघांनीं एकच गोष्ट ओळखली. आपल्या यशांत दुसऱ्यांचा भाग आहे. आणि तो त्यांना पोंचविला पाहिजे.

आपल्या डोळ्यांसमोरचेंही एक उदाहरण घ्या. वालधुनीच्या कांठीं उभें असलेलें अंबरनाथचें शिवालय सहलीच्या दिवशीं तुम्हीं पाहिलें आहे. शके 982, म्हणजे इसवी सन 1060 चा शिलालेख तेथें सांपडला, आणि त्यांत शिलाहार राजाचें नांव आहे. परंतु ज्या हातांनीं तो दगड खाणींतून काढिला, घडविला, एकावर एक चढविला, त्या हातांपैकीं बहुतेकांचीं नांवें आज कोणासही ठाऊक नाहींत. तरी त्यांतील एका पाथरवटानें जरी आपला दगड वांकडा बसविला असता, तरी राजाच्या नांवानें भिंत सरळ झाली नसती.

विद्यार्थी मित्रांनो, यंदा ज्यांचीं नांवें पुकारलीं जातील, त्यांना माझी एवढीच विनंति आहे. बक्षीस घेऊन खालीं उतरल्यावर ज्या मित्रानें तुम्हांस वही दिली, ज्या मैत्रिणीनें आजारपणांत चुकलेला पाठ समजावून दिला, त्यांच्याकडे प्रथम जा. पुढील वर्षीं आठवड्यांतून एक तास खालच्या वर्गांतील एका मुलाजवळ बसा. ज्यांचीं नांवें पुकारलीं जाणार नाहींत, त्यांनीं खट्टू होण्यापूर्वीं स्वतःस एक विचारावें: गेल्या वर्षींच्या माझ्यापेक्षां मी कांहीं पुढें आलों काय? उत्तर होय असेल, तर दोन भागांचे चार करणाऱ्या त्या चाकराची शाबासकी तुमची आहे. उत्तर नाहीं असेल, तर पुरून ठेविलेला भाग उकरून काढण्यास अजून वेळ गेलेली नाहीं.

पालक बंधुभगिनींनो, मूल घरीं आल्यावर "कितवा आलास?" हें आपण विचारणारच; तें स्वाभाविक आहे. त्याच्या जोडीला, "आज कोणाला कांहीं समजावून सांगितलंस?" हेंही विचारीत चला. वर्षभर विचारलेल्या प्रश्नांवरच मुलाचें मन घडतें.

आतां फाटकापाशीं उभ्या राहिलेल्या त्या पालकांस उत्तर. महाशय, आपण ज्या टाळ्या वाजविल्या, त्यांतील कांहीं बक्षीस घेणाऱ्यांच्या होत्या. बाकीच्या त्यांना उभें करणाऱ्यांच्या होत्या, आणि त्यांत आपला मुलगाही आला. समारंभाच्या दिवशीं सकाळीं सात वाजतां वर्गांतील बाकें उचलून पटांगणांत आणणाऱ्या मुलांत तो होता. पायरीवर अडखळलेल्या एका लहान मुलास त्यानें हात धरून पलीकडे नेलें आणि पुन्हां बाक उचललें, हें मीं स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलें होतें. त्या संध्याकाळीं तें आपणांस सांगावयाचें माझ्याकडून राहून गेलें. तें आज या पानावर, सर्वांच्या समक्ष सांगत आहें.