सासूबाईंच्या रिपोर्टबद्दल थोडं

अगं सुमे, आधी तो रिपोर्ट फाइलीत ठेव आणि माझं ऐक. गुदद्वाराच्या स्वॅबमध्ये क्लेबसिएला नावाचे जंतू निघाले, खाली औषधांची रांग आणि जवळजवळ प्रत्येकापुढे ‘आर’, म्हणजे ते औषध यांच्यावर चालत नाही. बघून कुणाच्याही पोटात गोळा येईल. पण सासूबाईंना ताप नाही, लघवीची तक्रार नाही, जेवतायत ना? मग जंतू आतड्यात नुसते मुक्कामाला आहेत, आजार झालेला नाही. ‘डॉक्टर, जरा तगडं अँटिबायोटिक द्या’ असं मुळीच म्हणू नकोस. त्याने चांगले जीवाणू मरतात आणि या हट्टी जंतूंना रान मोकळं मिळतं.

आता तुझा तो दुसऱ्याच्या शीच्या उपचाराचा प्रश्न. किळस बाजूला ठेव, कल्पना हुशार आहे. निरोगी माणसाची शी तपासायची, सलाईनमध्ये कालवून गाळायची, मग कोलोनोस्कोपीने किंवा कॅप्सूलमधून द्यायची. चांगले जीवाणू वस्ती करतात, वाईटांना जागा आणि अन्न कमी पडतं. क्लॉस्ट्रिडियम नावाच्या जंतूंमुळे पुन्हा पुन्हा होणाऱ्या जुलाबांवर याचा चांगला गुण येतो. लुधियानाच्या दयानंद मेडिकल कॉलेजात अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा होणाऱ्या आजाराच्या, रुग्णांवरही हे केलंय. पण सासूबाईंसारख्यांसाठी हे अजून अभ्यासाच्याच पायरीवर आहे. काहींचे जंतू गेले, काहींचे नाही. कित्येकांचे तर काहीही न करता काही महिन्यांत जातात.

आणि धोका खरा आहे. 2019 मध्ये अमेरिकेत प्रतिकारशक्ती कमी असलेल्या दोघांना अशा उपचारातूनच औषधांना न जुमानणारा ई. कोलाय गेला, त्यातला एक दगावला. दात्याची त्या जंतूसाठी तपासणीच झाली नव्हती. आपल्याकडे तर धडधाकट माणसांच्या पोटातही असे जंतू सर्रास सापडतात, म्हणजे दाता निवडणं किती अवघड! शिवाय पुण्यात गणेशखिंडच्या एनसीसीएस या संशोधन संस्थेत योगेश शौचे आणि सहकाऱ्यांनी भारतीयांच्या आतड्यातल्या जीवाणूंचा वर्षानुवर्षे अभ्यास केलाय. डाळ-भाकरी खाणाऱ्या आपल्या पोटातली वस्ती परदेशी लोकांसारखी नसते, तेव्हा तिथले निष्कर्ष जसेच्या तसे इथे लावता येत नाहीत. म्हणून यूट्यूब बघून घरी काही करायचा विचारसुद्धा नको.

घरात सासूबाईंचं ताट-वाटी वेगळं काढू नकोस, त्यांना फार लागेल ते. संडासाहून आल्यावर आणि स्वयंपाकाआधी सगळ्यांनी साबणाने हात धुवा. डायपर बदलताना ग्लोव्हज घाल, ते काढल्यावरही हात धू. आणि पुढे कधी कुठल्याही हॉस्पिटलात नेलंस, तर भरती करतानाच हा रिपोर्ट पुढे ठेव, म्हणजे तिथले लोक शेजारच्या खाटेवरच्या माणसालाही जपतील.