ड जीवनसत्त्व द्या, पण मोजून

माझा मुलगा सात वर्षांचा. वर्गात बूड टेकवत नाही, वही अर्धवट सोडतो, खेळतानाही स्वतःची पाळी येईपर्यंत दम धरत नाही. रक्त तपासलं, तर व्हिटॅमिन डी कमी. डॉक्टरांनी 60,000 युनिटची पावडर दिली, आठवड्यातून एकदा. औषधाच्या दुकानातून आलेल्या पुडीवर मात्र 'रोज एक' असं लिहिलेलं होतं, आणि त्याप्रमाणे ती रोज दुधातून जात राहिली.

काही दिवसांनी त्याची धावपळ थांबली. घरातल्यांना वाटलं, गुण आला. मग जेवण सुटलं, उलट्या सुरू झाल्या, पोट साफ होईना. सारखं पाणी मागायचा, रात्री लघवीला उठायचा. रक्तातलं कॅल्शियम फार वाढलं होतं. सलाईन लावावं लागलं. डी शरीरातल्या चरबीत साठतं, ते लवकर उतरत नाही. त्यामुळे घरी आल्यावरही तपासण्या चालूच राहिल्या.

म्हणून आईवडिलांना कळकळीनं सांगते. या वयाच्या मुलाला रोज साधारण 600 युनिट डी पुरतं. म्हणजे एका पुडीत शंभर दिवसांचा साठा असतो. पुडी रोज की आठवड्याला, एकूण किती आणि बंद कधी करायची, हे डॉक्टरांकडून मराठीत लिहून घ्या आणि दुकानातल्या पुडीशी ताडून पाहा. कॅल्शियमच्या सिरपमध्येही बहुधा डी असतं, तेव्हा घरातली प्रत्येक बाटली डॉक्टरांना दाखवा. उलट्या, बद्धकोष्ठता, फार तहान दिसली, तर पुडी थांबवून लगेच दवाखाना गाठा.

आता मुळातल्या चंचलपणाबद्दल. असा चंचलपणा एडीएचडीचा, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता या विकाराचा, असू शकतो. एडीएचडी असलेल्या मुलांमध्ये डी सरासरीनं कमी आढळतं, हे खरं. पण कमतरतेमुळेच एडीएचडी होतो, हे सिद्ध झालेलं नाही. इराणमधल्या काही लहान चाचण्यांत मिथाइलफेनिडेट या एडीएचडीवरच्या औषधाच्या जोडीला डी दिल्यावर लक्षणं थोडी कमी झाली. तिथंही डी होतं ते जोडीलाच.

एडीएचडी रक्ताच्या तपासणीत कळत नाही. लक्षणं किमान सहा महिने आणि घरी-शाळेत दोन्हीकडे दिसतात का, वयाच्या 12 वर्षांआधी सुरू झाली का, हे तज्ज्ञ आईवडिलांना आणि शिक्षकांना विचारून ठरवतात. डी कमी असेल तर ते जरूर भरून काढा, पण त्यापायी ही तपासणी पुढे ढकलू नका. वर्गातल्या बाईंशी आजच बोला आणि बालरोगतज्ज्ञांची वेळ घ्या.