हळदीची पट्टी आणि बियाण्याची पावती

व्यापारी आणि शेतकरी कायद्यापुढे समान आहेत. बाजारात मात्र ते समान नसतात. एकाला भाव, प्रत आणि मापे यांचे रोजचे ज्ञान असते. दुसरा वर्षातून एक-दोनदा माल आणतो आणि त्याच दिवशी त्याला पैशांची निकड असते. ही विषमता ओळखून कायद्याने व्यापाऱ्यावर अधिक जबाबदारी टाकली आहे. हिंगोली व वसमत परिसरातील हळद, सोयाबीन पिकविणाऱ्या कुटुंबांनी ती दोन प्रसंगी ध्यानात ठेवावी.

१) माल विकताना

आपला माल विकणारा शेतकरी कायद्याच्या भाषेत 'ग्राहक' नसतो. त्यामुळे या प्रसंगी ग्राहक संरक्षण कायदा त्याच्या उपयोगी पडत नाही. त्याचा आधार म्हणजे महाराष्ट्र कृषी उत्पन्न पणन (विकास व विनियमन) अधिनियम, 1963. बाजार समितीच्या आवारात व्यापारी, अडते व मापाडी यांना परवाना लागतो. माल उघड लिलावात, म्हणजे बिटात, विकला जातो, त्याचे अधिकृत वजन होते आणि हिशोबपट्टी दिली जाते. कडता किंवा अन्य नियमबाह्य कपात करता येत नाही. वजन, प्रत वा रक्कम यांवरून वाद झाल्यास समितीकडे दाद मागता येते. या समितीत शेतकऱ्यांचे 15 प्रतिनिधी, तर व्यापारी-अडत्यांचे केवळ 2 असतात.

हाच माल गावातच, परवाना नसलेल्या खरेदीदारास विनापट्टी दिला तर? वस्तू विक्री अधिनियम, 1930 नुसार किंमत मागण्याचा हक्क कायम राहतो. पण व्यवहार झाला हे सिद्ध करण्याचा भार शेतकऱ्यावर येतो आणि हाती कागद नसतो.

२) बियाणे, खत घेताना

येथे तोच शेतकरी ग्राहक होतो. 1930 च्या अधिनियमाच्या कलम 16 नुसार, ज्या मालाचा विक्रेता व्यवसाय करतो तो माल विक्रीयोग्य असावा, ही अट न लिहिताही करारात गृहीत धरली जाते. शेजाऱ्याने घरचे बियाणे दिले तर ही अट लागू होत नाही. बियाणे सदोष निघालेले शेतकरी ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या खटल्यात 2012 मध्ये स्पष्ट केले. 2019 च्या कायद्यानुसार तक्रार दोन वर्षांच्या आत, स्वतःच्या जिल्ह्यात करता येते. खरेदी पाच लाख रुपयांपर्यंतची असल्यास शुल्क नाही. पावती, पिशवी, लेबल आणि थोडे बियाणे जपून ठेवावे. उगवण झाली नाही तर कृषी विभागाकडे तत्काळ लेखी तक्रार करून पंचनामा मागावा.

खोट्या तराजूने व मापाने होणारी फसवणूक दीघनिकायातील ब्रह्मजालसुत्तातही वर्ज्य मानली आहे. सम्यक आजीविकेचे हे तत्त्व आज कायद्यात आले आहे; ते अमलात येण्यासाठी कागद मागणारा माणूस हवा. शाळेत शिकून गेलेल्या प्रत्येकाने या हंगामात घरची एक पट्टी आई-वडिलांसोबत बसून ओळीने वाचावी. वजन, दर, कपात आणि हाती आलेली रक्कम यांचा मेळ घालावा. शिक्षणाचा हा उपयोग लहान नाही.