कापडाच्या फोटोसाठी कॅमेरा : किंमत किती, दर्जा किती?

पूर्वी मालेगाव, भिवंडी किंवा इचलकरंजीचा नमुना पोस्टाने यायचा. कात्रीने कापलेला तुकडा बोटांनी चोळून, उजेडात धरून पाहता यायचा. आज रविवार पेठेतल्या कापड गंजातला व्यापारी असो की कॅम्पातला, बाहेरगावच्या गिऱ्हाईकाला तो माल आधी फोटोतच दाखवतो. रंग जुळला नाही की गठ्ठा परत येतो, जाण्या-येण्याचे भाडे आपल्या अंगावर पडते, आणि ईदचा किंवा लग्नसराईचा हंगाम हातचा गेला की तो माल वर्षभर फळीवर पडून राहतो. म्हणून कॅमेऱ्यावर किती पैसा घालावा आणि त्या पैशात काय मिळते, याचा हिशेब एकदा नीट मांडायला हवा.

लेन्स बदलता येणारा कॅमेरा म्हणजे मोठा, जड, आत आरसा असलेला, असे पूर्वी समीकरण होते. २००८ साली पॅनासॉनिकने जी-वन नावाचा बिनआरशाचा कॅमेरा आणला. २००९ मध्ये ऑलिंपसचा ई-पी-वन आला, २०१० मध्ये सोनीचे एनईएक्स आले. आरसा गेला म्हणून डबा पातळ झाला, तरी लेन्स बदलण्याची सोय राहिली. यालाच आता मिररलेस म्हणतात. आजच्या बाजारात सोनीचा झेडव्ही-ई-टेन, कॅननचा आर-फिफ्टी, निकॉनचा झेड-थर्टी हे याच जातीतले लहान कॅमेरे. सोबतच्या साध्या लेन्ससह यांचा भाव साधारण साठ ते ऐंशी हजारांच्या घरात जातो. मोठ्या सेन्सरचा कॅमेरा घ्यायचा तर लेन्ससह हिशेब लाखाच्या पुढे जातो.

भावातला हा फरक मुख्यतः सेन्सरच्या आकाराचा आहे. सेन्सर म्हणजे पूर्वीच्या फिल्मच्या जागी बसलेला तुकडा. मोठा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो, वर सांगितलेल्या तिन्ही कॅमेऱ्यांचा साधारण २३ बाय १५ चा, आणि पॅनासॉनिक-ऑलिंपसच्या मायक्रो फोर थर्ड्सचा १७.३ बाय १३ चा. सेन्सर जितका मोठा तितका उजेड जास्त गोळा होतो, आणि कमी उजेडात फोटोत दाणे कमी दिसतात. मात्र कापड हलत नाही. कॅमेरा तिपाईवर ठेवा, आयएसओ १०० वर लावा आणि शटर हवे तितके सावकाश उघडू द्या. मग पुस्तकाच्या पानाएवढ्या छपाईत या तिघांतला फरक ओळखणे कठीण जाते. लाखाचा सेन्सर कामाला येतो तो अंधाऱ्या कारखान्यात हातमागावर हलणारे हात टिपायचे असतील किंवा लग्नाच्या हॉलमध्ये फोटो काढायचे असतील तेव्हा. ते काम फोटोग्राफरचे, कापडवाल्याचे नव्हे.

मेगापिक्सेलचेही तसेच आहे. २४ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ६००० बाय ४००० ठिपके. ए-फोर आकाराचे कॅटलॉगचे पान ३०० डीपीआयने छापायला सुमारे ३५०० बाय २४८० ठिपके पुरतात, म्हणजे नऊ मेगापिक्सेलहून कमी. ॲमेझॉनसारख्या ठिकाणी चित्र मोठे करून पाहता यावे यासाठी लांब बाजूला १००० ठिपके असले तरी चालते. व्हॉट्सॲप तर फोटो स्वतःच लहान करून पाठवते. मूळ फोटो जसाच्या तसा जायला हवा असेल तर तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा.

तरीही कापडाच्या धंद्यात ठिपक्यांचा एक हिशेब फार महत्त्वाचा आहे, आणि दुकानातला विक्रेता तो सहसा सांगत नाही. समजा, एक मीटर रुंदीचे कापड फोटोच्या संपूर्ण रुंदीत घेतले. ६००० ठिपके एका मीटरवर पसरले, म्हणजे दर इंचाला सुमारे १५२ ठिपके. कापडात इंचाला ६० धागे असतील तर प्रत्येक धाग्याच्या वाट्याला अडीच ठिपके येतात आणि वीण नीट उमटते. पण बारीक कापड असेल, इंचाला १०० धागे, तर वाट्याला दीडच ठिपका येतो. धाग्यामागे दोन ठिपक्यांहून कमी मिळाले की कॅमेरा गोंधळतो आणि साध्या, एकरंगी कापडावर लहरी, पट्टे, कधी इंद्रधनुष्यासारखे रंग दाखवतो. गिऱ्हाईक म्हणते, विणण्यात खोट आहे. माल मात्र निर्दोष असतो. या दोषाला मॉयरे म्हणतात. पाण्याच्या लहरींसारखी झाक असलेल्या रेशमी कापडाचे हे फ्रेंच नाव. ते मोहेर या शब्दावरून आले, आणि मोहेरचे मूळ अरबी मुखय्यर, म्हणजे निवडलेले, पसंतीचे. शब्द आपल्याच धंद्यातून निघाला आणि दोष बनून परत आला!

यावर महाग कॅमेरा हा उपाय नव्हे. २० मेगापिक्सेलवरून २४ वर गेलात तरी वरचा हिशेब जवळजवळ तोच राहतो. कॅमेरा जवळ नेऊन अर्धाच मीटर कापड घ्या, शंभर धाग्यांच्या कापडालाही प्रत्येकी तीन ठिपके मिळतील. संपूर्ण थान दाखवायचेच असेल तर कॅमेरा किंचित तिरका करा, थोडा पुढे-मागे सरकवा, किंवा लेन्सचे छिद्र एफ-सोळापर्यंत बारीक करा. त्याने चित्र अगदी थोडे मऊ होते आणि लहरी दबतात.

दुसरी गोष्ट काळ्या आणि पांढऱ्या मालाची. बुरख्याचे काळे कापड आणि लखनवी चिकनचा पांढरा कुर्ता, दोन्ही फोटोत राखाडी येतात, कारण कॅमेरा जे दिसेल ते मध्यम उजेडाचे आहे असे धरून चालतो. पांढऱ्यासाठी उजेडाची दुरुस्ती अधिक एकवर, काळ्यासाठी उणे एकवर लावावी. काळ्यावर काळे भरतकाम असेल तर फोटो रॉ प्रकारात घ्यावा. त्यात सावलीतला तपशील शिल्लक राहतो आणि मागाहून वर काढता येतो. मोबाइलच्या लहान सेन्सरपुढे या कॅमेऱ्यांचा खरा फायदा मला इथे दिसतो. जरीचे मात्र वेगळे. धातूची चमक पोलरायझर फिल्टरने कमी होत नाही. पांढरा मलमलचा पडदा दिव्यापुढे ताणून उजेड मऊ करावा, म्हणजे जर जरीसारखी दिसते.

आणि रंग? एकाच दिसणारे दोन तागे ट्यूबखाली जुळतात आणि उन्हात वेगळे निघतात, हे रंगारी जाणतात. कॅमेऱ्याचेही डोळे तसेच. डब्यावर सीआरआय ९५ किंवा त्याहून वर लिहिलेले एलईडी दिवे घ्यावेत, पहिल्या फोटोत राखाडी कार्ड ठेवून व्हाइट बॅलन्स लावावा, आणि खिडकीचा उजेड व दिवा एकत्र करू नये. इतके करूनही गिऱ्हाईकाच्या मोबाइलचा पडदा आपल्या हातात नाही. म्हणून फोटोखाली शेड नंबर लिहावा आणि मोठ्या ऑर्डरीला आजही कापलेला तुकडाच पाठवावा.

जुना कॅमेरा स्वस्तात मिळतो, पण तो घेताना त्याच्या लेन्सची जात अजून चालू आहे का हे पाहावे. निकॉन-वन २०११ साली आला आणि २०१८ मध्ये बंद झाला. कॅननची ईओएस-एम २०१२ ते २०२३ चालली. सॅमसंगची एनएक्स तर त्याहून आधी गेली. ज्या मागाचे सुटे भाग मिळत नाहीत तो माग कोणी घेतो का? सोनीची ई आणि मायक्रो फोर थर्ड्स या दोन्ही जाती मात्र सुरुवातीपासून आजवर चालू आहेत, त्यामुळे जुन्या बाजारात त्यांची लेन्स सहज मिळते. या कॅमेऱ्यांत लेन्स आणि सेन्सर यांत अंतर कमी असते, सोनीत १८ मिलिमीटर, तर निकॉनच्या जुन्या आरशाच्या कॅमेऱ्यात ४६.५. म्हणून मधे कडे लावून कपाटातली जुनी ५० मिलिमीटरची लेन्सही बसते. फोकस हाताने करावा लागतो, पण स्थिर कापडाला ते चालते. माझ्या मते एक लाख खर्चायची ऐपत असेल तर साठ-सत्तरचा कॅमेरा घेऊन उरलेले पैसे तिपाई, दोन दिवे आणि जवळून घेणाऱ्या लेन्सवर घालावेत.

बिल पक्केच घ्यावे. डिजिटल कॅमेऱ्यावरचा जीएसटी १ जानेवारी २०१९ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. करासह सत्तर हजारांच्या कॅमेऱ्यात कराचे सुमारे १०,६७८ रुपये असतात. नियमित नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याने आपला जीएसटी नंबर बिलावर घातला आणि कॅमेरा धंद्यासाठीच वापरला तर ही रक्कम वळती होते. त्या रकमेवर घसारा मात्र धरता येत नाही. कंपोझिशनवाल्यांना ही सवलत नाही. बिनबिलाच्या आयात मालात दोन-चार हजार वाचल्यासारखे वाटतात, पण वळतीही जाते आणि भारतातली वॉरंटीही.

शेवटी जपणुकीचे. दुकानात कापसाचा तूस सतत उडत असतो आणि बिनआरशाच्या कॅमेऱ्यात लेन्स काढली की सेन्सर बहुधा उघडाच असतो. लेन्स बदलायची तर तोंड खाली धरून, पंखा बंद करून, थाने उलगडण्याआधी बदलावी. पुण्याच्या पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते. कॅमेरा कातडी पाकिटात न ठेवता हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवावा, आणि दाण्यांचा रंग बदलला की ते बदलावेत.