नववा लागला की एकमेकींना धरून राहा

पहिलटकरीण सातव्या-आठव्यात माहेरी येते, ही आपली जुनी रीत. त्यामुळे मुखेड, कंधार, अहमदपूर, उदगीर, कुठेही जा, एकेका गल्लीत दोन-तीन पोरी दिवस भरत आलेल्या असतातच. त्यांच्यात कुणाची तरी सूनही असते. दुसरी खेप म्हणून ती सासरीच राहिलेली असते. संध्याकाळी कामं उरकली की सगळ्या ओट्यावर पाय लांब करून टेकतात. मी पुष्कळ वर्षं आरोग्य उपकेंद्रात नर्सबाई होते आणि माझी आजेसासू गावची सुईण होती. ती म्हणायची, भरल्या दिवसांच्या बाईला एकटी बसू देऊ नका, आणि भेदरवणाऱ्या बायांतही बसू देऊ नका. तिचं आणि माझं मिळून जे गाठीला आहे ते तुम्हाला सांगते, पोरींनो. शेवटच्या चार-पाच आठवड्यांत एकीने दुसरीची राखण करायची. बाकीचं सगळं त्यातूनच निघतं.

आधी ओट्यावरची एक सवय मोडा. "तिचं पोट केवढं, माझं एवढंसंच", "तिचं खाली उतरलं, माझं अजून वरच." तारीख म्हणजे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून नऊ महिने सात दिवस, एकूण २८० दिवस, असा नुसता हिशेब असतो. शंभरात चार-पाच जणीच नेमक्या त्या दिवशी बाळंत होतात. पहिलटकरणीचे चार दिवस पुढे जाणं तर नेहमीचंच. पोटाचा आकार उंचीवर, अंगलटीवर, लेकरू कसं वळलंय त्यावर ठरतो. वाढ बरोबर आहे का ते टेप लावून नर्सबाई बघेल. आणि "पोट टोकदार आहे, मुलगा होणार" असं कुणी काढलं की तिथल्या थोरलीने ते तिथंच थांबवावं. घरात आधी एक मुलगी असलेल्या सुनेची त्या एका वाक्याने रात्रभर झोप उडते. हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता मला ते ऐकवत नाही.

तुलना करायचीच तर कार्डांची करा. सगळ्यांनी आपापलं माता-बाल संरक्षण कार्ड ओट्यावर आणा. जिला नीट वाचता येतं तिने बाकीच्यांचं वाचून दाखवावं. हिमोग्लोबिन ११ च्या वर आहे का? सातच्या खाली असेल तर नुसत्या गोळ्यांवर भागत नाही, दवाखान्यात दाखल व्हावं लागतं. बीपी १४०/९० किंवा त्याच्या वर लिहिलंय का? रक्तगट लिहिलाय का? २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची डॉक्टरकडून मोफत तपासणी होते. त्या दिवशी सगळ्या मिळून एकाच काळी-पिवळीने जा. रांगेत सोबत आलेल्या आईने किंवा भावजयीने उभं राहावं, तुम्ही सावलीला बसावं. कार्डावर लाल स्टिकर लागलं तर ते लपवू नका. त्याचा अर्थ एवढाच की तुमचं बाळंतपण गावाजवळ करायचं नाही. नांदेडला विष्णुपुरीच्या शंकरराव चव्हाण वैद्यकीय महाविद्यालयात किंवा लातूरला विलासराव देशमुख संस्थेत, मोठ्या दवाखान्यात करायचं, आणि ते कळा सुटायच्या आधी ठरवायचं.

बायांनी असं एकत्र बसून काय होतं, असं घरचे पुरुष विचारतात. त्यांना झारखंड-ओडिशाचं सांगा. तिथे एकजुट नावाच्या संस्थेने आदिवासी गावांत बायांच्या दर महिन्याला बैठका घेतल्या. गरोदरपणात, बाळंतपणात काय अडतं ते बायांनीच बोलायचं आणि त्यावर काय करायचं ते त्यांनीच ठरवायचं. २०१० साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्याचा अभ्यास छापून आला. बैठका झालेल्या भागात तीन वर्षांत नवजात बालकांचे मृत्यू दुसऱ्या भागाच्या मानाने सुमारे ३२ टक्क्यांनी कमी होते. आपला ओटा काही त्याहून वेगळा नाही, फक्त तिथे बोलायचं काय ते ठरवलं पाहिजे.

माझ्या मते सगळ्यात मोलाची गोष्ट लेकराच्या हालचालीची. रात्री जेवण झालं की डाव्या कुशीवर पडा आणि लेकरू किती वेळा फिरतं ते मोजा. दोन तासांत दहा वेळा तरी फिरलं पाहिजे. बहुतेकींचं त्याच्या कितीतरी आधी भरतं. सकाळी एकमेकींना भेटलात की "चहा झाला का" च्या आधी "लेकरू फिरलं का" हे विचारायची रीत पाडा. एकटी बाई स्वतःची समजूत घालते, झोपलं असेल, फिरेल दुपारपर्यंत. कुणीतरी विचारलं की तिला खरं उत्तर द्यावं लागतं. "कमी फिरायलंय" असं कुणी म्हणाली की तिला त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखान्यात न्यायचं. "शेवटी जागा पुरत नाही म्हणून लेकरू हलायचं थांबतं" असं सांगणाऱ्या बाया पुष्कळ भेटतील. शेवटी लाथा मारण्याऐवजी सरकल्यासारखं, वळल्यासारखं वाटतं हे खरं. पण हालचाल कमी होणं हे कधीच चांगलं लक्षण नाही. हे थोरल्या बायांच्या तोंडावर सांगायची वेळ आली तरी सांगा.

काही गोष्टी बाई सासूला सांगत नाही, आईलाही सांगत नाही, पण शेजारी बसलेल्या मैत्रिणीजवळ बोलून जाते. अंगावरून पाणी जायलंय, कपडा ओला होतोय. अंगावर लाल जायलंय. डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे काजवे चमकतात. तोंड सुजलंय. बरगडीखाली दुखतंय. यातलं एकही कानावर आलं तर ते ओट्यावर ठेवायचं नाही. तिला लाज वाटते ना, मग तू उठायचं आणि तिच्या आईला जाऊन सांगायचं. डोकेदुखीला नजर लागली म्हणून मीठ-मोहऱ्या ओवाळत बसतात आणि तेवढ्यात बीपी वाढून झटके येतात. मीठ ओवाळायचं असेल तर ओवाळा, पण गाडी दारात आल्यावर. पाणी गेलं तर त्याचा रंग बघा. हिरवट असेल तर घरात एक मिनिटही काढायचं नाही. चिकट, किंचित लालसर असा थोडा स्राव मात्र कळांच्या आधी जातो, त्याला घाबरू नका.

बाळंतपणाच्या गोष्टींबद्दल एक नियम करा. "माझ्या नणंदेला तीन दिवस कळा होत्या, लेकरू निळं पडलं" असं सांगत कुणी बसली की ऐकणाऱ्या पोरीचे हातपाय गार पडतात. तिथे जिला सांगायचं आहे तिने पुढचंही सांगावं: कुठे नेलं, काय केलं, आधी नेलं असतं तर काय झालं असतं. तेवढं सांगता येत नसेल तर ती गोष्ट तिच्यासमोर काढू नये.

खऱ्या कळा कशा ओळखायच्या हे प्रत्येकीने विचारलंय मला. नवव्यात पोट मधून मधून कडक होतं, थोडं चाललं, पाणी प्यायलं, कूस बदलली की सुटतं, त्या खोट्या. खऱ्या कळा कमरेतून निघून पुढे येतात, चाललं तरी थांबत नाहीत, आणि दोन कळांमधलं अंतर कमी होत जातं. मोबाईलवर वेळ लिहायचं काम मैत्रिणीला द्या, कळा सोसणारीला घड्याळ कळत नाही. शहरात राहणाऱ्या पोरीने पाच-पाच मिनिटांवर आल्यावर निघालं तरी चालतं. वाडी-तांड्यावरच्या पोरीने, किंवा जिची दुसरी-तिसरी खेप आहे तिने, कळा नियमित आहेत एवढं कळलं की निघावं. आणि गावात कुणी "कळा वाढवायचं इंजेक्शन देतो" म्हणाला तर त्याला उंबऱ्याच्या आत घेऊ नका. ते औषध दवाखान्यात, डॉक्टरच्या डोळ्यांसमोर थेंबाथेंबाने द्यायचं असतं. घरी टोचलं तर गर्भाशय फाटू शकतं, लेकरू गुदमरू शकतं. पोट चोळून लेकरू खाली आणणं, एरंडेल पाजणं, हेही नको. माझ्या आजेसासूने हजारदा सांगितलं असेल, पोटावर हात फिरवायचा तो मायेने, जोराने नाही.

गाडीचं म्हणाल तर गरोदर बाईसाठी १०२ आणि तातडीला १०८, दोन्ही नंबर घरातल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये पाहिजेत. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त, जेवण, येणं-जाणं हे २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमापासून मोफत आहे. तरी गाडीभाड्याचे पैसे बाजूला काढून ठेवा आणि रक्तगट जुळणारी दोन माणसं सांगून ठेवा. किनवट-माहूरकडून नांदेड शंभरावर किलोमीटर आहे, पावसाळ्यात ओढे चढले की वाट बंद. आदिवासी भागातल्या काही प्राथमिक आरोग्य केंद्रांवर शासनाने माहेरघरं केली आहेत. तारखेच्या काही दिवस आधीच तिथे येऊन राहता येतं, सोबत घरची एक बाई आणि लहान लेकरू घेऊन. आपल्या केंद्रावर ती सोय आहे का हे आठव्यातच आशाताईला विचारा, आणि गल्लीतल्या दोघी असाल तर बरोबरच जा. परक्या ठिकाणी ओळखीचं माणूस शेजारच्या खाटेवर असलं की बाई जेवते, झोपते. एकटी असली की दोन दिवसांत घरी पळते.

ऊसतोडीला जाणाऱ्या पोरींचं मला फार लागतं. दसरा-दिवाळीनंतर टोळी निघते, आणि उचल घेतलेली असते म्हणून आठव्या-नवव्यातली बाईही कोयता घेऊन जाते. होईल तर तिला गावात ठेवून घ्या, शेजारणींनी तिचं दोन वेळचं बघावं. नाहीच जमलं तर तिचं कार्ड तिच्या कमरेला असलं पाहिजे. ते कार्ड आणि मोफत बाळंतपण महाराष्ट्रातल्या कुठल्याही सरकारी दवाखान्यात चालतं. टोळीतल्या बायांनी अड्ड्यावर उतरल्या उतरल्या जवळचं आरोग्य केंद्र शोधून ठेवावं.

खाण्या-पिण्याचं थोडक्यात. ज्वारीची भाकरी, वरण, पालेभाजी, शेंगदाणे-गूळ, अंडं चालत असेल तर अंडं. लोहाची गोळी चहासोबत नाही, कॅल्शियमसोबतही नाही; लोहाची लिंबू पिळलेल्या पाण्यासोबत घ्या, कॅल्शियमची वेगळ्या वेळी. ग्रहण आलं म्हणून भरल्या दिवसांच्या बाईला उपाशी-तहानेलं ठेवू नका. उन्हाळ्यात पाणी आणि ताक सतत. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. तसे उन्हाळे आपल्याला नवे नाहीत. अशा वेळी गल्लीने ठरवावं की नवव्यातली बाई टँकरवर जाणार नाही, तिची घागर दुसरी कुणी भरेल.

दवाखान्यात कळा सोसताना जवळ एक बाई थांबू शकते, हे केंद्र सरकारने २०१६ सालीच ठरवून दिलंय. तिथे मैत्रीण नको, स्वतः बाळंतपण सोसलेली बाई पाहिजे: आई, मावशी, थोरली जाऊ. तिने पाठ चोळावी, पाणी द्यावं, धीराचं बोलावं. "ओरडू नको, लोक काय म्हणतील" एवढं मात्र बोलू नये.

गल्लीतली पहिली बाळंत झाली की बाकीच्यांनी तिच्याकडे जरूर जावं. सर्दी-खोकला नसताना, हात धुऊन, थोडा वेळ. चिकाचं पिवळं दूध लेकराला पहिल्या तासातच दिलं का, मध-घुटी चाटवली नाही ना, एवढं विचारावं. लेकराला छातीशी कसं धरते ते नीट बघून घ्यावं. पुस्तकात वाचून जे कळत नाही ते तिच्या बाजेशेजारी बसून कळतं.

आणि कधी कधी एखादीचं लेकरू हाती लागत नाही. तेव्हा आपल्या गल्ल्या फार कठोर होतात. इतर पोटुश्या पोरींना तिच्या दारावरून जाऊ देत नाहीत, ओटी भरताना तिला बोलावत नाहीत, तिची सावली नको म्हणतात. पोरींनो, हे चुकीचं आहे. लेकरू जाणं ही काही लागट गोष्ट नाही. कालपर्यंत जी तुमच्या शेजारी पाय पसरून हसत होती, तिला आज तुमचीच जास्त गरज आहे. तिलाही दूध उतरतं, छाती दुखते, अंगावरून जात असतं. तीही सव्वा महिन्याची बाळंतीण आहे. तिलाही गरम जेवण, विसावा आणि दवाखान्याची तपासणी लागते, आणि घरचे ते विसरतात. तिच्याकडे जा. "वय आहे अजून, दुसरं होईल" असं म्हणू नका. जे झालं ते तिला बोलू द्या, नसेल बोलायचं तर नुसत्या बसा. तुमच्या ओटीला यायचं की नाही ते तिने ठरवावं, पण बोलावणं गेलंच पाहिजे. आणि तुमच्या मनात भीती आली असेल तर ती नर्सबाईला सांगा, तिच्यावर काढू नका.

शेवटी गल्लीत एकजण उरते. सगळ्यांच्या घरी लेकरं रडायला लागलेली असतात आणि हिची तारीख उलटून गेलेली असते. दिवसातून दहा फोन, "झाली का गं?" ते फोन तिच्या आईने घ्यावेत. तिने रात्रीबरोबर सकाळीही हालचाल मोजावी, तारीख उलटल्या दिवशीच दवाखान्यात जाऊन दाखवून यावं आणि पुढे कधी यायचं ते डॉक्टरकडून कार्डावर लिहून घ्यावं. काढे, एरंडेल, जिने चढणं, कुणी काही सांगो, करू नये. ४१ आठवडे पूर्ण झाले की कळा असोत-नसोत, पिशवी घेऊन दवाखान्यात दाखल व्हायचं. गल्लीतल्या बाळंतिणी सव्वा महिना उंबऱ्याबाहेर पडायच्या नाहीत, म्हणून तिच्यासोबत त्यांच्यातल्या कुणाची तरी आई जाईल. हे तिच्या घरच्यांनी विचारायची वाट न बघता आधीच सांगून टाका.