जुनी शालेय इमारत व आगीपासून संरक्षण

१६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेच्या स्वयंपाकघरात लागलेली आग शाकारलेल्या छपरास भिडली आणि ९४ बालके मृत्युमुखी पडली. बाहेर पडण्याचा जिना अरुंद होता.

जुनी इमारत नव्याने बांधणे शिक्षकाच्या हाती नसते; तिच्यातून मुलांना सुखरूप बाहेर काढण्याची योजना आखणे मात्र त्याच्या हाती असते. चूल वर्गापासून दूर असावी. दाराशी सरपण वा मोडकी बाके रचू नयेत. शाळा भरली असता कोणत्याही दारास कुलूप नसावे. धुरातून वाकून चालण्यास मुलांस शिकवावे. प्रत्येक सत्रात घंटेच्या ठरावीक इशाऱ्यावर सर्व वर्ग मैदानात आणून हजेरीपटावरून मोजणी करावी. शेवटचे मूल मोजले जाईपर्यंत शिक्षकाचे कर्तव्य पुरे होत नाही.