बाळंतपणाला माहेरीच?

माझं गाव धर्मापुरी, जिल्हा बीड. समुद्र खूप लांब. कासव म्हणजे देवळातलं दगडी कासव, एवढंच मला माहीत होतं. पण आपल्याकडे मुलगी बाळंतपणाला माहेरी येते ना, तसंच समुद्रातही घडतं!

ऑलिव्ह रिडले कासवं सगळं आयुष्य समुद्रात काढतात. मादी फक्त अंडी घालायला किनाऱ्यावर येते, तीही बहुतेक रात्री. पिल्लू असताना त्या किनाऱ्याचं चुंबकीय क्षेत्र तिच्या डोक्यात जणू सेव्ह होतं आणि मोठेपणी ती त्याच भागात परतते, असं शास्त्रज्ञ मानतात. मग भरतीच्या रेषेच्या वरची कोरडी वाळू बघून ती सुमारे दीड फूट खड्डा खणते. ही निवड महत्त्वाची असते, कारण पिल्लू नर की मादी हे वाळूचं टेम्परेचर ठरवतं. वाळू गरम असेल तर माद्या जास्त, थंड असेल तर नर जास्त.

पण गंमत बघा. मार्च २०२१ मध्ये ओडिशात ०३२३३ नंबरचा टॅग लावलेली मादी २७ जानेवारी २०२५ ला आपल्या गुहागरला आली. तिने १२० अंडी घातली, त्यातून १०७ पिल्लं निघाली. म्हणजे माहेर एकच असतं असं नाही!

वेळासला २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र संस्था आणि गावकरी ही घरटी राखत आले. पण सगळे किनारे दिव्यांनी आणि भिंतींनी भरले, तर तिने निवडायचं काय? हॉस्टेलवाल्यांनो, कोकणात ट्रिपला गेलात तर रात्री किनाऱ्यावर टॉर्च मारू नका. कोणीतरी माहेरी येत असेल.